लॅपटॉपवर साइट एकदम भारी, काकांच्या मोबाइलवर पार इस्कोट. आता रिअ‍ॅक्ट शिकू का?

कापशी_कोडर · रविवार रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत राहतो, बीकॉम शेवटचं वर्ष, कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी आणि त्याच्यापुढं यूट्यूब. काकांचं महाद्वार रोडला चप्पलचं दुकान आहे (कोल्हापुरीच, दुसरं काय असणार), अंबाबाईला आलेली लोकं घेऊन जातात आणि नंतर घरी गेल्यावर फोन करतात की अजून एक जोड पाठवता का, तर काका म्हणाले दिवसभर लॅपटॉप घेऊन बसतोस तर एक वेबसाइट तरी कर की.

तर दोन महिने घालवून एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (दिसणं) आणि थोडी जावास्क्रिप्ट (हिशोब, बटणं) असं करून साइट केली, माझ्या लॅपटॉपवर खरंच भारी दिसते, काल फुकटच्या होस्टिंगवर (साइट इंटरनेटवर ठेवायची जागा) टाकली आणि काकांना मोबाइलवर दाखवायला गेलो तर सगळी अब्रू गेली.

अक्षरं मुंगीएवढी. निम्मे फोटो दिसतच नाहीत. 'आमच्याविषयी' पानावर मराठी मजकूर आहे (माहितीपत्रक छापलेलं त्या प्रेसवाल्याकडून फाइल घेऊन पेस्ट केला) तो माझ्याकडं नीट दिसतो आणि काकांच्या फोनवर नुसतं इंग्रजी अक्षरांचं गिचमिड. कापशीचा १२०० चा जोड, नग २, कुरिअर ८० असं भरलं तर टोटल आली २४००८०. काका म्हणाले एवढ्यात बैलजोडी येईल रे, चप्पल कशाला. आणि 'चौकशी' पानावरचं बटण दाबलं की काहीच होत नाही, हे मात्र लॅपटॉपवर पण नाही चालत.

मित्र म्हणतोय साधं एचटीएमएल जुनं झालं, रिअ‍ॅक्ट शीक (जावास्क्रिप्टमधला साइट बांधायचा तयार कोड), हे प्रॉब्लेम येतच नाहीत. खरं आहे का? अजून तीन महिने घालवायची तयारी आहे पण काकांची नाही.

---

स्टॅक_पैलवान · रविवार रात्री ११:५८

भावा डायरेक्ट रिअ‍ॅक्ट घे. मार्केटमध्ये तेच चालतंय. एचटीएमएल मध्ये वेळ घालवू नको. नाद खुळा होईल.

---

उद्यमनगर_टर्नर · सोमवार सकाळी ७:१५

पैलवान, शड्डू ठोकायच्या आधी माती बघायची असते. त्यानं सांगितलेल्या पाचातला एक पण प्रॉब्लेम रिअ‍ॅक्टनं सुटत नाही, उलट २४००८० तिथं पण २४००८०च येईल, फक्त ते यायला दोनशे एमबीचं फोल्डर लागेल.

कापशी, आमच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथ आहे, मी पुण्यात कोड लिहून पोट भरतो पण अक्कल तिथली आहे. जॉब मापात आला नाही तर कोण नवीन मशीन घेत नाही, आधी व्हर्नियर लावून बघतात किती आणि कुठं चुकलाय. तुझा व्हर्नियर म्हणजे कीबोर्डवरचं एफ१२ बटण. क्रोम उघड, तुझी होस्टिंगवरची साइट उघड (लॅपटॉपमधली फाइल नव्हे), एफ१२ दाब. त्यात दोन टॅब तुझ्या कामाचे, कन्सोल आणि नेटवर्क. बाकीचे सध्या विसर.

नेटवर्क उघडून पान रिफ्रेश कर. जे फोटो दिसत नाहीत ते लाल दिसतील आणि पुढं ४०४ लिहिलेलं असेल, म्हणजे त्या नावाची फाइल सर्व्हरवर नाही. तू म्हणशील टाकलीय की. टाकलीयस, पण बहुतेक कॅपिटल-स्मॉलचा घोळ असणार. विंडोजला फाइलच्या नावात कॅपिटल काय आणि स्मॉल काय, सगळं सारखंच, पण होस्टिंगचा सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्स असतो आणि त्याला दोन्ही वेगळ्या फाइली. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या शेवटचं 'जेपीजी' कॅपिटलमध्ये असतं, तू कोडमध्ये स्मॉल लिहिलंयस, आणि विंडोज ते एक्सटेन्शन मुळात लपवूनच ठेवतं त्यामुळं तुला दिसलंच नाही. एकच सवय लाव: फाइलचं नाव कायम इंग्रजी स्मॉल अक्षरात, मध्ये स्पेस नाही, स्पेसच्या जागी आडवी रेघ. 'कापशी जोड फायनल (२)' असलं नाव ठेवलंस तर कान धरीन.

आणि एकदा कोडमध्ये 'सी ड्राइव्ह' शोध. पहिल्या साइटला प्रत्येकानं एक तरी फोटो सी ड्राइव्हच्या पत्त्यावरून लावलेला असतो. तो पत्ता तुझ्या लॅपटॉपचा, काकांच्या फोनमध्ये कुठला सी ड्राइव्ह.

आता बैलजोडी. एचटीएमएलच्या फॉर्ममधून जावास्क्रिप्टला जे मिळतं ते कायम मजकूर असतो, आकडा नाही, तू आकडे टाकलेस तरी. गंमत अशी की गुणाकाराच्या चिन्हाला दुसरा काही अर्थच नाही म्हणून जावास्क्रिप्ट गुपचूप आकडे करून घेते, १२०० गुणिले २ बरोबर २४०० येतात. पण अधिकच्या चिन्हाला दोन कामं आहेत, बेरीज आणि मजकूर जोडणं, आणि एक बाजू जरी मजकूर असली तरी ती जोडूनच टाकते. २४०० ला ८० चिकटले. म्हणून हिशोब निम्मा बरोबर आणि निम्मा चूक, आणि असली चूक लवकर सापडत नाही कारण माणूस गुणाकार तपासून बघतो आणि म्हणतो बरोबर तर आहे.

उपाय, फॉर्ममधून किंमत उचलतानाच आकड्यात बदल, हिशोबाच्या ओळीत नव्हे:

`कॉन्स्ट कुरिअर = नंबर(कुरिअरचा रकाना.व्हॅल्यू)`

(इथं मराठीत लिहितोय, तू इंग्रजीत लिही बाबा, नाहीतर हेच कॉपी करशील.) आणि कन्सोलमध्ये प्रत्येक पायरीला किंमत छापून बघ. मजकूर आणि आकडा वेगवेगळ्या रंगात दिसतात. दहा वर्षं झाली, मी अजून असंच शोधतो.

बटणाचं आता सांगत नाही. कन्सोलमध्ये लाल ओळ आली असेल ती इथं टाक, अंदाजानं औषध देत नसतो.

---

कापशी_कोडर · सोमवार सकाळी ९:०२

दादा फोटोंचं तंतोतंत तेच होतं!! ७ फोटो कॅपिटल आणि १ सी ड्राइव्हवरचा, लाज वाटली. टोटल २४८० आली. लाल ओळीत 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असं काहीतरी आणि पुढं 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' असं आहे. माझी स्क्रिप्ट (जावास्क्रिप्टची फाइल) वर हेडमध्ये (पानाच्या कोडचा सुरुवातीचा भाग) लावलीय.

---

उद्यमनगर_टर्नर · सोमवार सकाळी ९:१०

मग झालंच. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. हेडमधली स्क्रिप्ट लगेच पळाली, बटण शोधायला गेली, बटण अजून खाली आहे, तिथवर ब्राउझर पोचलाच नाही, म्हणून मिळालं 'नल' म्हणजे काहीच नाही. स्क्रिप्ट टॅगमध्ये 'डिफर' एवढा एक शब्द टाक, मग ती सगळं पान वाचून झाल्यावर पळेल. तरी नाही चाललं तर बटणाच्या आयडीचं (कोडमधल्या नावाचं) स्पेलिंग एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये सारखं आहे का बघ, तिथं पण कॅपिटल-स्मॉलचा फरक चालत नाही.

आणि लाल ओळ नुसती बघून बंद करू नको. तिच्या उजव्या टोकाला फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो, त्यावर क्लिक केलं की नेमकी ओळ उघडते.

---

रंकाळा_साडेपाच · सोमवार दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. (हो, मी मुलगी आहे आणि 'मी लिहितो'च म्हणतो, कोल्हापूरची आहे, बाहेरच्यांनी दुरुस्त करायला येऊ नये.)

मुंगीएवढी अक्षरं: हेडमध्ये 'व्ह्यूपोर्ट'चा मेटा टॅग नाही ना तुझ्या? तो नसला की मोबाइलचा ब्राउझर समजतो ही साइट कॉम्प्युटरसाठी केलेली आहे, मग तो पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि फोनवर मावेल एवढं बारीक करतो. विड्थला 'डिव्हाइस-विड्थ' आणि 'इनिशिअल-स्केल' १, एक ओळ, संपलं. ती टाकल्यावर दुसरं काहीतरी फुटेल, तेव्हा घाबरू नको, ते आधीपासूनच फुटलेलं होतं पण बारीक होतं म्हणून दिसत नव्हतं.

फुटेल ते बहुतेक असं: पान आडवं सरकायला लागेल. कारण सीएसएसमध्ये तू रुंदी ३०० दिलीस, आतलं पॅडिंग (मजकूर आणि कडेमधली मोकळी जागा) २० आणि बॉर्डर (कडेची रेघ) १, तर डबा ३०० चा होत नाही, ३४२ चा होतो, दोन्ही बाजू धरून. १०० टक्के रुंदी देऊन पॅडिंग दिलंस की तो स्क्रीनच्या बाहेरच जाणार. सीएसएसच्या अगदी वर सगळ्यांना 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लाव, मग ३०० म्हणजे ३००. मी हे न लावता एक अख्खं पान केलेलं आणि प्रत्येक डब्याला कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलो, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर चार दिवस वाचले असते.

आता मराठी मजकुराचं, यावर मला जास्त बोलायचंय कारण आपल्याकडच्या प्रत्येक दुकानाच्या साइटला हेच होतं. प्रेसवाल्याकडची फाइल जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधली असणार (युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक). त्या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच टाइप झालेली असतात, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढून बसवलेले असतात. तो फॉन्ट तुझ्या लॅपटॉपवर टाकलेला आहे, नाव सीएसएसमध्ये आहे, म्हणून तुला 'कोल्हापूर' दिसतं. काकांच्या फोनवर फॉन्ट नाही म्हणून मुखवटा गळून पडला आणि खालची इंग्रजी अक्षरं दिसली. गूगलला पण तेच गिचमिड दिसतं, म्हणजे कुणी 'कोल्हापुरी चप्पल' शोधलं तर तुमचं ते पान कधी येणारच नाही. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात, पण बदलल्यावर एकदा डोळ्यांनी वाच, रफार आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. मजकूर थोडा असेल तर सरळ परत टाइप कर, तेच लवकर होतं. आणि मेटा चारसेट यूटीएफ-८ (मजकूर युनिकोडमध्ये आहे हे ब्राउझरला सांगणारी ओळ) हेडमध्ये अगदी पहिल्या ओळीला.

फॉन्ट गूगल फॉन्ट्सवरचा 'मुक्ता' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' घे. फॉन्टमध्ये देवनागरी आहे का ते आधी बघायचं, नाहीतर इंग्रजी एका फॉन्टात आणि मराठी ब्राउझरला सापडेल त्या फॉन्टात असं दिसतं. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेव, इंग्रजी टेम्प्लेटमधली १.२ ठेवलीस तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर जाऊन बसतात. आणि 'लेटर-स्पेसिंग' मराठीला लावू नको. इंग्रजी हेडिंगला ते छान दिसतं, आपल्याकडं शिरोरेषा तुटते आणि अक्षरांचे दात पडल्यासारखे दिसतात.

तुझी साइट बघितली मी (लिंक प्रोफाइलमध्ये आहे तुझ्या). गावाच्या रकान्याला मॅक्सलेंग्थ (जास्तीत जास्त किती अक्षरं) १० का ठेवलीस? संगणक मात्रा, वेलांट्या, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरं, त्याला ९. मी 'गोकुळ शिरगाव' टाकायला गेलो तर 'गोकुळ शिरग' वर अडकलं.

आणि फोन नंबरचा रकाना टाइप 'नंबर' आहे तो 'टेल' कर. फोन नंबर हा आकडा नाही, त्याची बेरीज कोण करतंय. कुणी लँडलाइन टाकला ०२३१ नं सुरू होणारा आणि तू तो आकड्यात बदललास तर सुरुवातीचा शून्य उडाला, मग काका कुणाला फोन लावणार.

---

उद्यमनगर_टर्नर · सोमवार दुपारी २:०५

शून्याचं भारी सांगितलंस. त्यात अजून एक भर, मराठी कीबोर्डवाला गिऱ्हाईक नग मध्ये '२' असं देवनागरीत टाकतो. जावास्क्रिप्टच्या नंबर() ला देवनागरी आकडा कळत नाही, ती म्हणते 'एनएएन', म्हणजे हा आकडाच नाही, मग टोटल पण एनएएन. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५, ओळीनं आहेत, म्हणून त्या अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा मिळतो. नाहीतर सोपं काम, नग साठी १ ते ५ ची ड्रॉपडाउन दे. घरी पाच जोडांच्या वर कोण मागवतंय.

---

स्टॅक_पैलवान · सोमवार दुपारी ३:२०

ठीक आहे पण एवढं सगळं आता एआयला विचारलं की तो लिहून देतो की. शिकायचं कशाला

---

रंकाळा_साडेपाच · सोमवार दुपारी ३:४१

देतो की, मी पण वापरतो. पण त्याला तू काय विचारणार, 'साइट चालत नाही'? मग तो सगळी फाइल नवीन लिहून देतो, आधीचं चाललेलं पण मोडतं आणि कुठं मोडलं ते ना तुला माहीत ना त्याला. लाल ओळ, ती जिथली आहे तेवढा कोड आणि तुला काय व्हायला हवं होतं, एवढं दिलंस तर उत्तर कामाचं मिळतं. म्हणजे एफ१२ आलंच परत.

---

बॅकएंड_मिसळ · सोमवार रात्री १०:१८

उशीर झाला, सगळी तर्री संपली दिसतेय, तरी माझ्या वाट्याचं सांगतो.

कापशी, मी पण साइट बघितली. चपलेची किंमत तू लपवलेल्या रकान्यात ठेवलीयस आणि टोटल ब्राउझरमध्ये काढतोस. जे एफ१२ तुला मिळालं ते गिऱ्हाइकाकडं पण आहे. तो १२०० चे १२ करून ऑर्डर पाठवू शकतो. ब्राउझरमधून आलेली कुठलीच किंमत खरी मानायची नाही, सर्व्हरवर परत काढायची. तुझ्याकडं असा हिशोब करणारा सर्व्हरच नाही, नुसती फुकटची होस्टिंग आहे, तर माझा सल्ला ऐक, ऑनलाइन पेमेंटच्या नादाला आत्ता लागू नको. 'व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर पाठवा' असं बटण दे. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, ९१ आणि काकांचा नंबर, पुढं प्रश्नचिन्ह आणि 'टेक्स्ट =' करून ऑर्डरचा मजकूर. त्या मजकुरावर 'एनकोडयूआरआयकंपोनंट' (खास चिन्हं लिंकमध्ये चालतील अशी बदलणारं फंक्शन) फिरवायला विसरू नको, नाहीतर मजकुरात '&' आला की पुढचं सगळं कापलं जातं. किंमत काका वाचूनच हो म्हणणार, कोण १२ रुपयात मागतोय ते त्यांना लगेच कळेल, काकांसारखं व्हॅलिडेशन (तपासणी) कुठल्या सर्व्हरला जमत नाही.

दुसरं, 'धन्यवाद' च्या ओळीत गिऱ्हाइकानं टाकलेलं नाव तू इनरएचटीएमएलनं दाखवतोस, जे मजकूर कोड म्हणून वाचतं. नावाच्या जागी कुणी टॅग टाकला तर तो तुझ्या पानावर पळेल. तिथं 'टेक्स्टकंटेंट' वापर, ते मजकूर नुसता मजकूर म्हणूनच दाखवतं. आज नाव त्याचं त्यालाच दिसतंय म्हणून फार काही होणार नाही, पण उद्या 'ग्राहकांचे अभिप्राय' असं पान केलंस की एकानं टाकलेला कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये पळणार.

तिसरं, प्रत्येक फोटो ५-५ एमबीचा आहे बाबा. २० फोटो म्हणजे १०० एमबी, गावाकडच्या नेटवर चप्पल दिसेपर्यंत झिजून जाईल. १००० पिक्सेल रुंदीवर आण, वेबपी (कमी जागा घेणारा फोटोचा प्रकार) मध्ये सेव्ह कर, आणि खालच्या फोटोंना 'लोडिंग लेझी' लाव, म्हणजे तिथवर सरकल्यावरच ते येतील.

---

कापशी_कोडर · बुधवार रात्री ९:५०

सगळ्यांचे लई आभार. दोन दिवस एका वेळी एकच गोष्ट बदलून बघत गेलो (पहिल्यांदा चार एकदम बदललेल्या, मग कशानं सुटलं तेच कळेना). व्ह्यूपोर्ट टाकल्यावर ताई म्हणाल्या तसंच पान आडवं सरकायला लागलं, बॉर्डर-बॉक्सनं गेलं. डिफरनं बटण चाललं. मजकूर परत टाइप केला, आईनं शुद्धलेखन तपासलं आणि तिला चार चुका माझ्या आणि दोन प्रेसवाल्याच्या सापडल्या. फोटो सगळे मिळून आता २ एमबी. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण काकांना एवढं आवडलं की साइट राहू दे, नुसतं बटण ठेव म्हणाले.

एक विचारायचं होतं, मधे एकदा सगळं बिघडलं आणि मागं जाता येईना. माझ्याकडं 'साइट', 'साइट नवीन', 'साइट फायनल', 'साइट फायनल खरी' असे फोल्डर आहेत, तुम्ही लोक कसं करता?

---

उद्यमनगर_टर्नर · बुधवार रात्री १०:०५

गिट, फाइलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी केलं, आता सगळं जग वापरतंय. सुरुवातीला चारच कमांड शीक, इनिट, अ‍ॅड, कमिट, लॉग. एक गोष्ट चालली की एक कमिट (तेवढ्या बदलाची नोंद), आणि मेसेजमध्ये 'बदल केला' लिहू नको, 'कुरिअरची रक्कम आकड्यात केली' असं लिही. चार महिन्यांनी तुलाच वाचायचंय ते. ब्रँच वगैरे नंतर. आणि पासवर्ड किंवा कुठली गुप्त किल्ली ('की') कोडमध्ये ठेवून कमिट करू नको, नंतर पुसलीस तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते.

---

कापशी_कोडर · बुधवार रात्री १०:३१

केलं, पहिला कमिट झाला. 

आता शेवटचं. काकांना वर पळती पट्टी हवीय, 'ऑर्डरप्रमाणे माप घेऊन बनवून मिळेल' अशी, एसटी स्टँडवर असते तसली. मी म्हटलं असलं आता कुणी करत नाही. ऐकत नाहीत.

---

रंकाळा_साडेपाच · बुधवार रात्री १०:४४

'मार्की' टॅग. एचटीएमएलच्या स्टँडर्डनं बाद ठरवलाय, वापरू नका म्हणतात, पण ब्राउझर अजून पळवतात. नीट करायचं तर सीएसएस अ‍ॅनिमेशननं कर, आणि ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करायची सेटिंग ठेवलीय त्यांच्यासाठी 'प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन' बघून ती थांबव.

---

कापशी_कोडर · बुधवार रात्री ११:२०

अ‍ॅनिमेशननं केली. काका बघून म्हणाले, हळू पळव, वाचायला मिळत नाही. कमिट मेसेज लिहिलाय: 'काकांच्या वेगानं'.